स्क्रॅपबुकच्या कागदांच्या कडांना हलकीशी शाई लावायची आहे. कोणती शाई घ्यावी, आणि ब्रश घ्यावा की स्पंज?

तुमच्या प्रश्नासोबत लिहिलेलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. ‘कडा उठून दिसाव्यात म्हणून काळं पिगमेंट पॅड घ्या असं सांगितलंय, घेऊ का?’ नका घेऊ. ब्रश की स्पंज ते खाली सांगते, पण आधी हे.

मलाही अगदी हेच सांगितलं होतं. दोन दिवसांचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाईंचा हात फार सफाईदार होता, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतलं. पॅड आडवं धरायचं, कागदाची कड त्यावरून सरळ ओढायची, झालं. शाईचे दोन प्रकार, डाय आणि पिगमेंट. घ्यायची ती पिगमेंटच, कारण डाय उडते म्हणजे फिकी पडते, पिगमेंट टिकते. रंग काळा, कारण काळा कशावरही चालतो. वर्गात दिलेल्या जाड, खरखरीत कार्डस्टॉकवर ते छान दिसलंही. कड ठळक, रेघ स्वच्छ.

त्यानंतर मी बाबांच्या निवृत्तीसाठी अल्बम करायला घेतला. बत्तीस पानं. सहा महिने रोज रात्री थोडं थोडं करत होते. फोटो आईच्या पेटीतले, मूळ प्रती. त्यातला एक बाबांचा एकोणिसाव्या वर्षीचा होता, सायकलला टेकून उभे, अंगात पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या वयातला त्यांचा तेवढा एकच फोटो. निगेटिव्ह कधीच हरवलेली. तो मी अकराव्या पानावर लावला. समोरच्या बाराव्या पानावर गुळगुळीत, चकचकीत पॅटर्न पेपरचे तीन थर होते आणि तिन्हींच्या कडा काळ्या केलेल्या. तीन दिवस पानं उघडी ठेवून वाळवली. बोट लावून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही. मग अल्बम बंद केला.

बाबांनी तो सगळ्यांसमोर उघडला. अकरावं आणि बारावं पान सुटं होताना चर्र असा बारीक आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीवरून, काळी आडवी रेघ उमटली होती. समोरच्या कागदाची कड जशीच्या तशी. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, “निवांत बघतो नंतर.” आईने मात्र विचारलं, “सगळ्याला असं काळं का केलंस गं?” ताई म्हणाली, “काळ्या चौकटीत माणसांचे फोटो कधी घालतात, ते तुला कळत नाही?” ताईचं बोलणं लागतं, पण त्या दिवशी ती खरं बोलली. बत्तीस पानं सलग पाहिल्यावर मलाही तेच दिसलं. एकेक पान करताना ते दिसलं नव्हतं.

रात्री मी ओल्या कापसाने ती रेघ पुसायला गेले, आणि ही चूक सर्वस्वी माझी. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि मऊ पडतो. रेघ निघाली नाहीच, पसरली, आणि शर्टाचा खिसा होता तिथली चकाकी गेली. कुठल्याही जुन्या फोटोला पाणी लावू नका.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्यांचं म्हणणं, शाई नीट वाळू दिली नाही, दोष घाईचा. आणि डाय ती शाळकरी मुलांची शाई, अल्बमला पिगमेंटच. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण शाई वाळते म्हणजे नेमकं काय होतं हेच मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे.

डाय शाईत रंग द्रवात विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, आणि मुरला की वर पुसायला फारसं काही उरत नाही. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात आणि ते सायीसारखे वर बसतात. खरखरीत कार्डस्टॉकवर त्या कणांना धरून बसायला जागा मिळते, शाईतला द्रव कागद ओढून घेतो, त्यामुळे तिथे काम निभतं. चकचकीत लेप दिलेल्या कागदात द्रव शिरायलाच वाट नसते. मग शाई वरून कोरडी भासते आणि आत मऊ राहते. बोट अलगद टेकवून हे कळत नाही. अल्बम मिटला, एकावर एक तीस पानांचा दाब आला, की कळतं. म्हणजे तीन दिवसांऐवजी सहा दिवस थांबले असते तरी भरवसा नव्हता. घाईचा प्रश्नच नव्हता, त्या कागदावर ती शाई चुकीची होती. हीट गनने पिगमेंट पक्की करता येते, पण ते वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय पातळ पॅटर्न पेपर त्या उष्णतेने वळतो.

राहिला टिकण्याचा मुद्दा. डाय उडते हे खरं, पण ती मुख्यतः उजेडाने उडते. अल्बम मिटलेला असतो, कपाटात असतो. वर्षातून चार वेळा उघडला तर त्यातल्या कडांना उजेड लागणार तो किती? मिटलेल्या अल्बममध्ये फोटोंना धोका असतो तो कागदातल्या आणि शाईतल्या आम्लाचा. म्हणून पॅडवर ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलंय का ते बघा, कागद अ‍ॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री आहे का ते बघा. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते लाकडातून कागदात आलेल्या याच लिग्निनमुळे. ऑफिसात शिक्का मारायचं पॅड असतं ते या कामाला नको, त्यात काय आहे हे आपल्याला कळत नाही. स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई, म्हणजे पाण्याऐवजी चटकन उडणाऱ्या रसायनात केलेली, तीही नको. ती काच, धातू, प्लॅस्टिक यांच्यासाठी उत्तम. कागदावर ती टेकल्या टेकल्या बसते, मऊ करायला वेळच देत नाही.

मी आता काय वापरते ते सांगते. रेंजर कंपनीची टिम होल्ट्झ डिस्ट्रेस इंक. ही पाण्यावर आधारलेली डाय शाई आहे आणि मुद्दामच जरा जास्त वेळ ओलसर राहील अशी केलेली आहे, त्यामुळे कडेकडून आत पुसट करत न्यायला सवड मिळते. हलकी कड हवी असेल तर हाच गुण लागतो. याच मालिकेतली डिस्ट्रेस ऑक्साइड २०१७ साली आली, तिच्यात डाय आणि पिगमेंट दोन्ही आहेत. गडद कागदावर ती खडूसारखी फिकट बसते, जिथे साधी डाय दिसतही नाही. चॉक इंकही तशीच मऊ दिसते, पण ती वर बसणारी, म्हणून समोर फोटो असेल तिथे मी लावत नाही.

रंग काळा नको हे आता वेगळं सांगायला नको. कागदाचा जो रंग आहे त्याच्याच एक-दोन छटा गडद घ्या. पिवळसर, मातकट, लालसर कागदांना तपकिरी शोभते. डिस्ट्रेसच्या रंगांची नावं सांगते: अगदी फिकट हवी तर अँटीक लिनन, जरा चढी हवी तर टी डाय, आणि एकच पॅड घ्यायचं तर व्हिंटेज फोटो. वॉलनट स्टेन गडद आहे, हात बसल्यावर घ्या. निळ्या, जांभळ्या, पांढऱ्याशुभ्र कागदांना तपकिरी लावली की ते मळके दिसतात. ताई वर्षानुवर्षं म्हणते की कडांना शाई लावणं म्हणजे चांगला कागद मळवणं. तिने पाहिलेले बहुतेक नमुने निळ्या कागदावर तपकिरी शाईचे होते. त्या कागदांना करडी घ्या, हिकरी स्मोक किंवा निळसर हवी तर वेदर्ड वुड. शाई लावलीय हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये, वरच्या कागदाची सावली खालच्यावर पडल्यासारखं फक्त वाटावं. ज्या कार्डस्टॉकचा गाभा पांढरा असतो त्याची कापलेली कड पांढरी रेघ होऊन डोळ्यांत खुपते. ती झाकायला तर शाई लागतेच, आणि हे ताईलाही मान्य करावं लागेल.

आता ब्रश की स्पंज. कडेसाठी स्पंज. मुठीच्या ब्लेंडिंग टूलला लागतो तो फोम, नाहीतर मेकअपचा स्पंज, दोन्ही चालतात. मेकअपचा स्पंज घेतलात तर त्याचे कोपरे आत घेऊन चिमटीत धरा, म्हणजे टेकणारा भाग गोल होतो. चौकोनी फोमचा कोपरा कागदावर टेकला की तिथे रेघ उमटते आणि ती मग कशानेही जात नाही. गोल फोम मिळाला तर तोच घ्या. बोटात घालायचे स्पंजचे डॉबर बारीक तुकड्यांना, कापलेल्या फुला-पानांना बरे. ब्रशने रुंद, धुक्यासारखी छटा सुरेख येते, पण दोन-तीन मिलिमीटरच्या कडेला त्याचे केस आत शिरतात आणि जिथे नको तिथे रंग नेतात. पूर्ण पानभर छटा हवी असेल तेव्हा ब्रश.

आणि पॅडवरून कड ओढायची ती पद्धत मुद्दाम ठळक रेघ हवी असेल तेव्हाच. हलकी म्हणून ती कधीच होत नाही.

हाताची रीत अशी. फोम पॅडवर दाबायचा नाही, दोन-तीनदा टेकवायचा. मग तो थेट कागदावर न्यायचा नाही. कागद न चिकटणाऱ्या मॅटवर ठेवायचा, फोम आधी मॅटवर फिरवायचा, जास्तीची शाई तिथे जाऊ द्यायची, आणि लहान लहान गोल फिरवत बाहेरून कडेवर चढायचं. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही असं वाटेल. तसंच वाटायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत छटा दिसू लागते. मी अजूनही प्रत्येक नव्या कागदाच्या कात्रणावर आधी करून बघते, कारण एकच शाई एका कागदात धूसर मुरते आणि दुसऱ्यावर डाग होऊन बसते. कोपऱ्यांना एक फेरी जास्त द्यायची, जुने कागद कोपऱ्यांनाच आधी झिजतात. कड सँडपेपरने घासली असेल किंवा हाताने फाडली असेल तर तंतू मोकळे झालेले असतात, ते शाई दुप्पट ओढतात. तिथे हात आखडता घ्या.

शाई नेहमी चिकटवण्याआधी. गोंदाचा थेंब सांडलेल्या जागी शाई लागत नाही, पांढरा ठिपका राहतो. उलट डिस्ट्रेसवर ओला गोंद आला की ती पसरते, म्हणून कडेपासून जरा आत गोंद लावा किंवा सरळ दुहेरी टेप वापरा. घामाच्या बोटांचेही डाग पडतात तिच्यावर. तपकिरींना एक फोम, करड्यांना दुसरा, एवढं वेगळं ठेवलं तरी पुरे. डागाळलेला फोम खराब झाला असं समजून टाकून देऊ नका.

एक मान्य करायला हवं. पान फ्रेम करून भिंतीवर लावणार असाल तर बाईंचं बरोबर आहे, तिथे उजेड रोजचा, तिथे पिगमेंट जास्त टिकते. काचेला कागद टेकणार नाही असं माउंट मात्र मध्ये घाला. आणि त्या वर्गात खरखरीत कागदावर त्यांनी दाखवलं ते काम चांगलंच होतं, हेही खरं. कागद बदलला की शाई बदलते, एवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं असतं तर बाबांच्या शर्टावर रेघ आली नसती. मूळ फोटो अल्बममध्ये लावू नका, स्कॅन करून प्रत लावा, हे मात्र त्यांनी सांगायची वाट मी बघायला नको होती.

अल्बम मी पुन्हा केला. बत्तीसच्या बत्तीस पानं, कडांना व्हिंटेज फोटो आणि हिकरी स्मोक, आणि या वेळी मूळ फोटोंऐवजी सगळ्या प्रती. सायकलच्या फोटोचा स्कॅन घेतला, रेघेसकट, आणि तो तसाच लावला. बाबांनी हा अल्बम दोनदा सलग पाहिला आणि मग पलंगाशेजारी ठेवला. ताई त्यावर अजून काही बोललेली नाही.

तुमच्याकडे काळं पॅड आधीच आलेलं असेल तर टाकू नका, ठसे मारायला ते उत्तम आहे. आणि कोणतीही शाई लावलीत तरी समोरासमोर पानं मिटण्याआधी एवढं करा: कोरा पांढरा कागद घ्या, कडेवर ठेवा, वरून चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा, मग उलटून खिडकीपाशी धरा. पुसटशी रेघ जरी दिसली तरी त्या पानासमोर फोटो येता कामा नये.