नव्या नराला जुनी मादी दाखवा

प्रश्न : ताई, संक्रांतीच्या सुमारास मी तीन महिन्यांचे दहा न्यूझीलंड व्हाइट ससे आणले. सात माद्या, तीन नर. एप्रिल-मेमध्ये त्यातला थोराड नर रोज रात्री एकेका मादीच्या पिंजऱ्यात सोडला. तो डोक्याकडूनच चढायचा. एकीनं चावून त्याचा कान फाडला. दुसरीनं सतराव्या दिवशी स्वतःचे केस उपटून घरटं केलं, पण पिल्लू एकही नाही. आता जुलै संपत आला. मादी दिसली की हा कोपऱ्यात दबून बसतो. मटणाला गिऱ्हाईक आलंय. देऊन टाकू का?
– एक वाचक, केज तालुका

उत्तर : भाऊ, देऊ नका. गिऱ्हाइकाला म्हणावं, पोळा होऊ द्या, मग बघू.

केस उपटलेल्या मादीकडं तुमचं लक्ष गेलं, हे फार चांगलं झालं. सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नर पाठीवर चढला की त्यानंतर साधारण 10 तासांनी तिची अंडी सुटतात. अंडी सुटली आणि गर्भ धरला नाही, तर तिचं शरीर गाभण असल्यासारखं वागतं आणि 16-18 दिवसांनी ती केस उपटते. हे खोटं गाभणपण. ती मादी पिंजऱ्यात एकटीच असेल, तर तुमचा नर तिच्यावर नक्की चढला होता. (दोन माद्या एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींवर चढतात, तेव्हाही असंच होतं. म्हणून तेवढं आठवून बघा.)

मग पिल्लं का नाहीत? आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा 40 च्या वर, वर तापलेला पत्रा. 30-32 अंशांच्या पुढं बरेच दिवस गेले की नराचं वीर्य कमजोर होतं, आणि नवं वीर्य तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे जूनच्या मध्यात पाऊस पडून गारवा आला, तरी नर कामाचा होतो ऑगस्टच्या मध्यावर. पोळ्यापर्यंत थांबा म्हणते ते याचसाठी. मी औसा तालुक्यात 12 वर्षं ससे पाळते. एप्रिल-मेमध्ये मी नर दाखवतच नाही. पत्र्यावर पाचट टाकते, बाजूनं ओली पोती लावते आणि नराला सगळ्यात गार कोपरा देते.

दुसरी चूक पिंजऱ्याची. मादी आपल्या पिंजऱ्यात कुणाला शिरू देत नाही, तिथं नवखा नर मार खातो. कायम मादी उचलून नराच्या पिंजऱ्यात न्यायची. रात्रभर तर कधीच ठेवायचं नाही. माझा पहिला नर मी असाच गमावला. डोक्याकडून चढला, मादीनं खाली चावा घेतला, जखम पिकली. सकाळी पिंजरा बघितला तेव्हा हातपाय गळाले माझे. त्या दिवसापासून जोडी सोडली की मी तिथून हलत नाही.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे: दहाही ससे एका वयाचे, म्हणजे सगळेच नवखे. शिकवणार कोण? ओळखीच्या पाळणाऱ्याकडून दोन-तीन वेळा व्यालेली शांत मादी आणा. आणल्यावर 15-20 दिवस ती वेगळी ठेवा, नाहीतर खरूज घरात येईल. तोवर नराला तपासून घ्या. दोन्ही अंड उतरलेत का, मागच्या तळव्यांना जखम आहे का, खुराकानं लठ्ठ झालाय का. तळवे दुखत असतील तर तो चढणार कसा?

मग सकाळी सहा-सातच्या गारव्यात मादीचं निरण, म्हणजे योनीचं तोंड, बघा. लालसर-जांभळट आणि फुगीर असलं तरच तिला त्याच्याकडं न्या; पांढुरकं असलं तर त्या दिवशी राहू द्या. तो डोक्याकडून चढला तर रागावू नका. हळूच उचलून मागं वळवा, पुन्हा वळवा. मादी बसकण मारत असेल तर पोटाखाली हात घालून मागचा भाग जरा उचलून धरा. काम झालं की नर बारीक ओरडतो आणि एका अंगावर कोसळतो. बघणाऱ्याला वाटतं मेलाच. पण हीच खूण. दहा मिनिटांत काही झालं नाही तर मादी काढून घ्या, दुसऱ्या दिवशी बघा. जमलं तर त्याच संध्याकाळी पुन्हा एकदा दाखवा. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन दिवसच. धीर आला की तुमच्या पहिलटकर माद्यांकडं वळा.

त्याआधी विकणाऱ्याला एक विचारा, हे दहा एकाच आईबापाचे तर नाहीत? तसं असेल तर नर बाहेरचा आणावा लागेल, हा कितीही शिकला तरी.

नर दाखवल्याची तारीख पिंजऱ्यावर खडूनं लिहा. 12 ते 14 दिवसांनी पोट हलक्या बोटांनी चाचपा, गोटीएवढ्या गाठी लागतील. लागल्या तर 28 व्या दिवशी पिंजऱ्यात विण्यासाठी पेटी ठेवा, आत वाळलेलं गवत घाला. 31 व्या दिवसाच्या आसपास ती विते.