एका डॉलरला एकच सवलत

प्रिय बाळ,

कंपनीने मास्टर्ससाठी ८,००० डॉलर भरले तरी पगार का घटला, आणि कॉलेजच्या १०९८-टी वर, म्हणजे मिळालेली फी दाखवणाऱ्या करफॉर्मवर, १२,००० कुठून आले, हा तुझा गोंधळ रास्त आहे. पण "सगळ्या फीवर क्रेडिट घेऊन टाकते" हे वाचून मला राहवलं नाही. क्रेडिट म्हणजे थेट करातून वजा होणारी रक्कम; तसं करू नकोस. एका डॉलरला एकच सवलत!

आधी पगाराचं बघ. अमेरिकी करकायद्याच्या कलम १२७ नुसार कंपनीने लेखी योजनेखाली शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलर करमुक्त असतात. त्यात ट्यूशन, फी आणि पुस्तकं बसतात. राहणं, जेवण, प्रवास बसत नाही. वरचे २,७५० पगारात धरले गेले आणि डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-कराच्या फॉर्मच्या, पहिल्या चौकटीत येतील. बोनससारखा २२ टक्के फेडरल कर कापला असेल तर ६०५ डॉलर, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या निवृत्ती-आरोग्याच्या सरकारी योजनांचे ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे २१०. कोणी चुकलेलं नाही, उगाच पेरोलवाल्यांशी भांडू नकोस.

आता क्रेडिट. तुझी पदवीची चार वर्षं संपली, म्हणून पदवीच्या पहिल्या चार वर्षांपुरतं असलेलं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट विसर. उरलं लाइफटाइम लर्निंग हे दुसरं शिक्षण-क्रेडिट: १०,००० पर्यंतच्या खर्चावर २० टक्के. १०९८-टी ची पहिली चौकट कॉलेजला मिळालेली सगळी रक्कम दाखवते, मग ती कोणीही भरलेली असो. त्या आकड्यावर हिशेब करायचाच नाही. १२,००० मधून करमुक्त ५,२५० काढ, राहिले ६,७५०. त्यात तुझ्या खिशातले ४,००० आहेत, आणि ते २,७५० सुद्धा! त्यांच्यावर तू कर भरलास, म्हणून ते तुझेच झाले; हे भलेभले विसरतात. २० टक्क्यांनी क्रेडिट १,३५०. तू २,००० लावणार होतीस. तसं केलंस तर जास्तीचे ६५० व्याजासकट परत द्यावे लागतील. एकटीच्या रिटर्नवर उत्पन्न ८०,००० ओलांडलं की क्रेडिट घटत जातं आणि ९०,००० ला संपतं, तेही तपास.

पुन्हा तेच म्हणतेय असं वाटेल. वाटू दे. याच ५,२५० मधून कंपनी तुझं जुनं शैक्षणिक कर्जही फेडू शकते, पण त्यातलं जे व्याज करमुक्त फेडलं गेलं त्याची वजावट तुला मिळत नाही. एका डॉलरला एकच सवलत.

मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे, सेमिस्टरची नाही, आणि न वापरलेली रक्कम पुढे नेता येत नाही. स्प्रिंग सेमिस्टरची फी तू आणि कंपनी दोघांनी डिसेंबरातच उरकली, तर ती याच वर्षाच्या ५,२५० मध्ये मोजली जाते. कॉलेजची मुदत परवानगी देत असेल तर जानेवारीत भर.

आणखी एक वाट आहे. शिक्षण सध्याच्याच कामाचं कौशल्य टिकवणारं किंवा वाढवणारं असेल, तर ५,२५० च्या वरची रक्कमही करमुक्त होऊ शकते. मात्र ते त्या नोकरीची किमान पात्रता मिळवण्यासाठी किंवा नव्या व्यवसायात शिरण्यासाठी असेल तर नाही. हे तू रिटर्नवर परस्पर ठरवायचं नाहीस. कंपनीने ते डब्ल्यू-२ बनवण्याआधी मान्य करायला हवं. म्हणून आजच एचआरला मेल कर. अभ्यासक्रमातले विषय आणि तुझ्या कामाचं वर्णन दोन्ही जोड, आणि उत्तर लेखी माग. ते आलं की मला पाठव, मग रिटर्न भरायला बसू.

तुझी,
ताई