गोल्डन कडकनाथची जोडी आणल्यास सगळी पिल्ले गोल्डनच निघतील का?

आपण विचारले आहे की गोव्यात घरच्या परसात गोल्डन कडकनाथची (कडकनाथ म्हणजे काळ्या कातडीची आणि काळ्या मांसाची कोंबडी, गोल्डन हा तिचा सोनेरी मानेचा प्रकार) एक जोडी आणून ठेवली तर तिची सगळी पिल्ले गोल्डन निघतील का, आणि आपल्याकडच्या पावसात ती तगतील का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की नर आणि मादी दोन्ही खरोखर गोल्डन असतील तर पिल्लांची मान बहुधा सोनेरीच होईल. मात्र ती पिल्ले कडकनाथ असतीलच असे त्या सोनेरी मानेवरून अजिबात ठरत नाही, आणि मी हे उत्तर लिहायला बसलो आहे ते मुख्यतः याच कारणाने.

कडकनाथमध्ये जेट ब्लॅक (पूर्ण काळ्या पिसांचा), पेन्सिल (पिसांवर पांढुरक्या रेषा असलेला) आणि गोल्डन असे तीन प्रकार मानले जातात. त्यांपैकी बाजारात मागणी जेट ब्लॅकला आहे, कारण गिऱ्हाइकाला कोंबडी बाहेरूनही काळीच हवी असते. त्यामुळे गोल्डनची निगुतीने पैदास करणारी माणसे फार थोडी उरली आहेत. आता गंमत पाहा असे मी म्हणणार नाही, कारण ही खेदाची गोष्ट आहे: या तीन प्रकारांपैकी ज्याची नक्कल करणे सर्वांत सोपे, तो प्रकार नेमका गोल्डनच आहे. आपल्या गावठी कोंबड्यांत सोनेरी-तांबूस मान घरोघरी दिसते. कडकनाथच्या नराखाली तशी एखादी गावठी कोंबडी लावली की पुढे काळ्या अंगाची आणि सोनेरी मानेची पिल्ले मिळू शकतात, आणि ती दुर्मीळ गोल्डन म्हणून विकली जातात. म्हणून जेट ब्लॅकमध्ये पिसांचा रंग निदान थोडी तरी साक्ष देतो, तर गोल्डनमध्ये पहिला संशय पिसांवरच घ्यावा लागतो.

हे माझ्या घरात कसे घडले ते सांगतो. मी डिचोली तालुक्यात राहतो आणि गेली अनेक वर्षे गोल्डनच्याच दोन वेगळ्या वंशावळी सांभाळतो आहे. माझे भावोजी पेडण्याकडे असतात. त्यांचे कुळागर आहे, गावठी कोंबड्याही पुष्कळ आहेत. एकदा चतुर्थी आटोपल्यावर ते आमच्याकडे आले असताना त्यांनी एक गोल्डन नर मागितला, आणि थोरल्या बहिणीच्या घरचा शब्द म्हणून मी तो दिला. तो शुद्ध माद्यांबरोबरच ठेवावा असे सांगून दिला होता. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने मला परसात नेले. तिथे भरलेल्या अंगाच्या, काळ्या पायांच्या आणि लखलखीत सोनेरी मानेच्या तलंगा, म्हणजे वयात येऊ घातलेल्या कोंबड्या, चरत होत्या. कातडी काळी, जीभ काळसर. पाहणाऱ्याने एका नजरेत त्या विकत घ्याव्यात अशाच होत्या. ‘तुझ्यापेक्षा माझ्या सरस निघाल्या,’ असे ते म्हणाले.

मी त्यांना एवढेच विचारले की यांचे भाऊ कुठे आहेत.

भाऊ मागच्या बाजूला एका बंद खुराड्यात होते, मांसासाठी वेगळे काढून ठेवलेले. त्यांचे तुरे लालभडक होते, पायांच्या नळ्या फिकट पिवळसर, आणि पंखाखालची कातडी गोरी. एकाच नराची, एकाच मादीची, एकाच उबवणीतली पिल्ले असून बहिणी काळ्या आणि भाऊ गोरे! भावोजींना वाटत होते की ही नशिबाची गोष्ट आहे आणि काळी पिल्ले निवडून घेतली की काम झाले. प्रत्यक्षात संकराची यापेक्षा स्पष्ट कबुली कोंबडी देऊच शकत नाही.

याचे कारण समजून घ्या, कारण पक्षी विकत घेताना तेच आपल्या कामाला येईल. कातडी, स्नायू आणि हाडांवरचे आवरण काळे करणारा जनुक कडकनाथमध्ये आहे आणि तो प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून मिळाला तरी पुरतो. परंतु कोंबड्यांच्या झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर दुसरा एक जनुक असतो, जो कातडीतला हा काळेपणा रोखून धरतो आणि तोही प्रभावीच आहे. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या गावठी कोंबडीत हा रोखणारा जनुक असतो, कडकनाथमध्ये नसतो. पक्ष्यांत नराला दोन झेड असतात आणि मादीला एकच, आणि मादीचा तो एकमेव झेड तिला बापाकडून मिळतो. त्यामुळे कडकनाथ नर आणि गावठी मादी यांच्या लेकींना रोखणारा जनुक मिळतच नाही आणि त्या काळ्या होतात. लेकांना मात्र आईकडून तो मिळतो आणि ते बाहेरून गोरे राहतात. जोडी उलटी लावली, म्हणजे गावठी नर आणि कडकनाथ मादी, तर लेक आणि लेकी दोन्ही फिकट निघतात. म्हणून ज्याला संकर विकायचा आहे तो नेहमी कडकनाथचा नरच वापरतो, लेकी शुद्ध म्हणून विकतो आणि लेक खाटकाकडे पाठवतो.

हे सर्व मी तेव्हा भावोजींना त्यांच्या घरच्या माणसांसमोर सांगितले, आणि त्यावरून जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरता यावे म्हणून मिळणारी नोंदणी) मिळाले ते काळ्या मांसाला मिळाले, पिसांना नव्हे. मग मांस काळे असताना आईचे कूळ कोणी का विचारावे? मानांकन मांसाला आहे हे खरे, पण ते झाबुआच्या मांसाला आहे. पेडण्यात किंवा डिचोलीत वाढवलेली कोंबडी कितीही काळी असली, कितीही शुद्ध असली, तरी झाबुआच्या नावाने विकता येत नाही. तेव्हा त्या मानांकनाचा आधार आम्हा दोघांनाही नाही. आमच्या हाती जे उरते ते एवढेच की आपण ज्याला कडकनाथ म्हणून पक्षी देतो, त्याच्या घरी पुढच्या पिढ्यांतही कडकनाथच निपजले पाहिजे. ज्याला खाण्यासाठी काळी कोंबडी हवी आहे त्याला संकर विकावा, संकर म्हणून विकावा, त्यात काहीच वावगे नाही. गावठीच्या संकराने अंगही भरते.

भावोजी तिथे थांबले नाहीत. त्यांनी त्या तलंगांवर पुन्हा माझाच नर सोडला. या दुसऱ्या पिढीत लेक आणि लेकी दोन्ही काळे निघाले, कारण आता त्या तलंगांकडेही रोखणारा जनुक उरलेला नव्हता आणि काळेपणाचा जनुक बापाकडून प्रत्येकाला मिळत होता. ही पिढी सर्वांत फसवी असते. त्यांतला नर आणि माद्या माझ्याच गावातल्या एका गृहस्थाने घेतल्या, आणि त्यांना सांगण्यात आले की मूळ वंश माझ्याकडचा आहे. त्यांच्याकडे उबवलेल्या पिल्लांत मधूनच गोऱ्या कातडीची पिल्ले निघू लागली, तेव्हा ते ती पिल्ले टोपलीत घालून माझ्या दारात आले. आई आणि बाप दोघेही काळेपणाचा एकेकच जनुक बाळगणारे असले की सरासरीने चौथा हिस्सा पिल्लांना तो मुळीच मिळत नाही. मी त्यांना माझ्या वंशावळीच्या नोंदवह्या दाखवल्या आणि माझ्याकडची पिल्ले दिली, पण माझ्या नावाला लागलेला डाग पैशाने भरून येणारा नव्हता. २०१९ साली सांगलीकडे कडकनाथचा मोठा आर्थिक घोटाळा उघडकीस आल्यानंतर या पक्ष्याचे नाव घेतले तरी लोक आधीच हात आखडतात. अशा वेळी घरच्याच माणसाने ‘काळे दिसते ना, मग झाले’ असे म्हणणे मला आजही सहन होत नाही.

आता आपल्या जोडीविषयी. एक जोडी आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका जोडीपासून सुरुवात केली की पुढच्याच पिढीत सख्खी भावंडे एकत्र येतात, आणि त्याचा परिणाम अंडी कमी उबण्यात व पिल्ले मरण्यात दिसतो. ‘नर एक असला तरी माद्या दहा ठेवतो’ हाही उपाय पुरा पडत नाही, कारण प्रत्येक पिल्लाचे निम्मे रक्त त्या एका नराचेच असते. हिशेबाने पाहिले तर एक नर आणि दहा माद्यांचा कळप आनुवंशिक दृष्टीने जेमतेम ३.६ पक्ष्यांएवढा भरतो, तर तीन नर आणि नऊ माद्यांचा कळप ९ पक्ष्यांएवढा. म्हणून दोन-तीन वेगळी खुराडी करावीत, प्रत्येकात वेगळ्या घराण्याचा नर ठेवावा, लेकी आईच्याच खुराड्यात राहू द्याव्यात आणि लेक ठरलेल्या क्रमाने पुढच्या खुराड्यात पाठवावेत. पायात रंगीत कडी घालून वहीत नोंद ठेवणे यात गृहीतच आहे. आणि नर बदलल्यावर किमान तीन आठवडे उबवणीसाठी अंडी धरू नयेत, कारण मादीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. परसात शेजारचा गावठी कोंबडा गडग्यावरून उडी मारून आत येत असेल तर बाकीची सगळी काळजी वाया गेली असे समजा.

गोल्डनवर जेट ब्लॅक नर लावायचा मोह होईल, कारण तो सहज मिळतो. काळा रंग सोनेरी नक्षीला झाकून टाकतो, त्यामुळे पहिल्या पिढीत सोनेरी मान दिसणार नाही किंवा अगदी पुसट दिसेल. रक्त बदलण्यासाठी हे एकदा करणे गावठी आणण्यापेक्षा शतपटीने चांगले, कारण पक्षी निदान कडकनाथच राहतो आणि पुढे निवडीने सोनेरी मान परत आणता येते.

पावसाचे फार भय बाळगू नका. कडकनाथ उष्ण, दमट हवेत तग धरतो. त्याला मारते ती ओली जमीन. खुराडे चिऱ्यांच्या जोत्यावर उंच घ्यावे, भाताचे तूस कोरडे ठेवून वरचेवर हलवावे, नाहीतर रक्ती हगवण पिल्लांचा फडशा पाडते. राणीखेतची लस वेळेवर द्यावी. उबवणी दसऱ्यानंतर धरावी. कडकनाथ मादीच्या खुडूक होण्यावर विसंबू नये, आणि विजेचा भरवसा नसेल तर यंत्रापेक्षा खुडूक गावठी कोंबडी उत्तम. एवढ्या कामासाठी गावठी कोंबडी परसात अवश्य असावी.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. वयात आलेल्या शुद्ध नराच्या तुऱ्यातही लालसर-जांभळी झाक येते, म्हणून केवळ तुरा पाहून पक्षी नाकारू नये. जीभ, टाळू, पंखाखालची कातडी आणि तळवा पाहावा. आणि भावांची परीक्षा फक्त पहिल्या संकराला पकडते. गावठी आईचे पाय निळसर-काळे असतील तर तिच्याकडे रोखणारा जनुक नसतो आणि मग पहिल्या पिढीतले भाऊही काळेच निघतात. दुसऱ्या पिढीविषयी वर सांगितलेच आहे. अशा संशयित नराची परीक्षा एकच: त्याच्याखाली गावठी माद्या लावून निघालेल्या लेकी पाहाव्यात. काळेपणाच्या बाबतीत नर शुद्ध असेल तर सगळ्या लेकी काळ्या होतील, संकरित असेल तर साधारण निम्म्या गोऱ्या निघतील. एखाद-दुसरी लेक पाहून निष्कर्ष काढू नये, आठ-दहा तरी वाढू द्याव्यात, आणि तोपर्यंत त्या नराचे एकही अंडे कोणाला देऊ नये.