पेशंट टाकून बोलतो तेव्हा

प्रश्न: आम्ही परदेशात राहतो. माझी १६ वर्षांची मुलगी दर शनिवारी हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. पाणी भरून ठेवणं, व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेणं, एकट्या पडलेल्या पेशंटशी गप्पा मारणं अशी कामं असतात. गेल्या शनिवारी एका आजोबांनी तिला ‘तू नको, आमच्यापैकी कुणाला तरी पाठव’ असं सुनावलं आणि तिच्या हातातला ग्लास बाजूला सारला. ती मुकाट्याने बाहेर आली आणि कुणालाच काही बोलली नाही. तिचे बाबा म्हणतात, ‘आजारी माणूस आहे, सोडून दे.’ मला हे पटत नाही, पण तिला काय सांगावं तेही सुचत नाही. – एक आई

उत्तर: तुमची मुलगी खोलीतून बाहेर पडली हे तिने अगदी बरोबर केलं, आणि हे तिला आजच सांगा. राहिलं ते एवढंच की तिने नर्सला सांगायला हवं होतं. ‘सोडून दे’ हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी मला तो मान्य नाही. त्याने मुलीचं तर नुकसान होतंच, कधीकधी पेशंटचंही होतं. कसं, ते आधी सांगते.

हॉस्पिटलमध्ये माणूस चिडतो त्याला शंभर कारणं असतात. वेदना असतात, रात्रभर झोप नसते, ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेलं असतं, रिपोर्ट यायचा असतो. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने शांत स्वभावाची माणसंही चिडचिडी होतात. रक्तातली साखर उतरली, दारूची सवय असताना ती अचानक सुटली, डोक्याला मार लागला, तरी वागणं बदलतं. वृद्ध पेशंटमध्ये तर डेलिरियम नावाची अवस्था फार वेळा दिसते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस गोंधळतो, भलतंच बोलतो, समोरच्यावर संशय घेतो. सकाळी नीट असतो आणि संध्याकाळी बिघडतो. साधा जंतुसंसर्ग किंवा नवं औषधही त्याला पुरतं, आणि घाईच्या वॉर्डमध्ये ते सहज नजरेतून सुटतं.

तुमच्या मुलीला पेशंटचे कागद दिसत नाहीत. त्यामुळे हा माणूस मुळातच असा आहे की आजाराने असा झालाय, हे ठरवणं तिचं काम नाही. ते नर्सला ठरवू द्यावं. पण नर्सला ठरवता यावं म्हणून तिला कळायला तर हवं. ‘१२ नंबरचे आजोबा माझ्यावर ओरडले, मागच्या शनिवारी ते छान बोलत होते’ या एका वाक्यात उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती असू शकते. म्हणून सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे मुलीला नीट समजावून द्या. आपल्या घरांतून मोठ्यांविरुद्ध तक्रार करू नये हे इतकं पक्कं बसवलेलं असतं की शहाणी मुलंही इथे अडतात.

स्वयंसेवकांचं हे काम किती मोलाचं आहे, याचा पुरावाही आहे. येल विद्यापीठात डॉ. शॅरन इनौये यांनी वृद्ध पेशंटसाठी एक कार्यक्रम उभा केला. त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक पेशंटला आज कोणता वार, आपण कुठे आहोत याची आठवण देतात, चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे ना ते बघतात, हिंडाफिरायला सोबत करतात, झोपेच्या वेळी शांतता राखायला मदत करतात. १९९९ साली ८५२ पेशंटवरचा त्यांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. नेहमीच्या उपचारांत १५ टक्के पेशंटना डेलिरियम झाला होता, या कार्यक्रमात ९.९ टक्क्यांना. पाणी देणारी मुलगी ‘नुसती मदतनीस’ आहे असं तिला वाटत असेल, तर हे आकडे तिला जरूर वाचून दाखवा.

आता उरला तो खरोखरच हेतूने केलेला अपमान. तो होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि तो स्वयंसेवकांच्या वाट्याला जास्त येतो असं माझं मत आहे. पेशंटला नर्स हवी असते, डॉक्टर हवा असतो, त्यांना दुखवून त्याला चालत नाही. स्वयंसेवकाच्या हातात औषध नसतं, अधिकार नसतो, वय लहान असतं. राग काढायला तोच सगळ्यात स्वस्त पडतो.

मात्र प्रत्येक खटकणारी गोष्ट अपमान नसते. काही ठिकाणी म्हाताऱ्या बायका सगळ्यांनाच ‘हनी’ म्हणतात. ‘मूळची कुठली?’ हा प्रश्न पुष्कळदा निव्वळ गप्पा म्हणून येतो. आभार न मानणं, हुकमी आवाजात ‘उशी दे’ म्हणणं, नाव चुकीचं उच्चारणं, हे सगळं मनाला लावून घेऊ नये. नाव एकदा हसून दुरुस्त करावं आणि पुढे जावं.

पण वंश, रंग, देश, धर्म यांवरून कुणी बोललं, शिवी दिली, वस्तू फेकली किंवा हात उगारला, तर वाद घालायचा नाही, समजावत बसायचं नाही आणि रडू आवरत काम पुरं करायचं नाही. शांत आवाजात एकच वाक्य बोलायचं: ‘मी मदतीला आले होते, असं बोललात तर मी थांबणार नाही, नर्सला कळवते.’ आणि निघायचं. हे वाक्य ती तिथल्या भाषेत बोलणार, तेव्हा शब्द तिचे तिला ठरवू द्या. घरी तुम्ही पेशंट व्हा आणि तिला ते मोठ्याने म्हणायला लावा. वेळेवर घसा कोरडा पडतो, तोंडात बसलेलं वाक्य तेवढं बाहेर येतं. नाहीच जमलं तर काही न बोलता बाहेर पडलं तरी चालतं. माफीची वाट पाहू नये, मागूही नये.

खोलीत शिरताना दार उघडं ठेवायचं, आपण दाराच्या बाजूला उभं राहायचं, दार आणि आपण यांच्यामध्ये पेशंटला येऊ द्यायचं नाही. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. भडकलेल्या माणसाची व्हीलचेअर घेऊन एकटीने लिफ्टमध्ये जायचं नाही, मागून कितीही घाई होत असली तरी. हिंसक प्रसंगासाठी हॉस्पिटलचा सांकेतिक कोड असतो. कॅनडात तो सहसा कोड व्हाइट असतो, अमेरिकेत अनेक ठिकाणी कोड ग्रे, पण तिथे हॉस्पिटलगणिक फरक पडतो. तो बॅजच्या मागे छापलेला नसेल तर विचारून घ्यायला सांगा.

लैंगिक बोलणं किंवा स्पर्श यांचा नियम वेगळा आहे. तिथे ‘पुन्हा झालं तर सांगेन’ असं नाही. पहिल्याच वेळी, त्याच मिनिटाला बाहेर पडायचं, नर्सला सांगायचं आणि त्याच दिवशी स्वयंसेवकांच्या कोऑर्डिनेटरलाही. मुलगी अल्पवयीन आहे, तेव्हा अशा वेळी तुम्ही स्वतः फोन करावा. एरवीच्या तक्रारी तिला तिच्या तोंडाने करू द्या.

‘आमच्यापैकी कुणाला तरी पाठव’ ही मागणी मान्य करायची की नाही, हे तुमच्या मुलीने ठरवायचं नाही. तिने ‘कळवते’ म्हणून निघून यायचं, पुढचं हॉस्पिटल बघेल. याबाबतीत संस्थांवरही बंधनं आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका वृद्धनिवासाने रहिवाशाच्या वंशभेदी पसंतीप्रमाणे कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला त्या खोलीत जायला मनाई केली होती. २०१० साली संघीय अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. तो निकाल पगारी कर्मचाऱ्यांबद्दलचा आहे, पण हवा कुठल्या दिशेची आहे ते त्यातून कळतं. जॉइंट कमिशन ही हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था आहे. तिची मान्यता असलेल्या अमेरिकी हॉस्पिटलांवर जानेवारी २०२२ पासून कामाच्या जागेवरच्या हिंसेबाबत नियम लागू आहेत, आणि त्या हिंसेच्या व्याख्येत अपमानकारक शब्दही येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये आपत्कालीन सेवकांवरील हल्ल्यांचा २०१८ चा कायदा एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी पेशंटशी प्रत्यक्ष संबंध येणारं काम करणाऱ्यांना लागू होतो, पगार घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांनाही. म्हणजे तक्रार केली तर लोक काय म्हणतील या भीतीला फारसा आधार नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. हा किस्सा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. पेशंटचं नाव न लिहिताही वॉर्ड, वार आणि आजार यांवरून माणूस ओळखता येतो. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याबाबतच्या अमेरिकेतल्या १९९६ च्या हिपा कायद्याच्या नियमांत हॉस्पिटलच्या मनुष्यबळात स्वयंसेवकही धरलेले आहेत, त्यामुळे गोपनीयता तिच्यावरही बंधनकारक आहे. तिचं मन तुमच्याशी मोकळं होऊ दे, पेशंटची ओळख न सांगता.

आणि ती बोलायला लागली की लगेच उपाय सुचवू नका, तिच्या बाबांनाही हे सांगा. आधी ऐका. मग विचारा, ‘तुला आता काय हवंय?’ कदाचित तिला तिथेच परत जायचं असेल, कदाचित वॉर्ड नको पण माहिती कक्ष किंवा पुस्तकांची गाडी चालेल. असा बदल बहुतेक ठिकाणी मागता येतो. पुढे कधी असं झालं, तर लगेच दुसऱ्या पेशंटकडे न जाता तिने पाच मिनिटं बाहेर बसावं, पाणी प्यावं. नाहीतर हातांची थरथर पुढच्या खोलीत सोबत जाते. कॉलेजच्या अर्जासाठी स्वयंसेवेचे तास भरायचे आहेत म्हणून तिला ढकलू मात्र नका.

गेल्या शनिवारचं अजूनही सांगता येईल. तारीख, वॉर्ड, साधारण वेळ आणि आजोबांचे जसेच्या तसे शब्द, एवढं तिने कोऑर्डिनेटरला ईमेलने लिहावं. आठवड्याभरात उत्तर आलं नाही किंवा ‘असं चालायचंच’ असं आलं, तर स्वयंसेवक विभागाच्या प्रमुखाला लिहावं. तिथूनही काही हललं नाही, तर दुसरं हॉस्पिटल शोधा. निघताना आजवर भरलेल्या तासांचं पत्र न विसरता मागून घ्या.