भयमालिका पाहायची, तर बायबल उघडं ठेवून

सुरुवात २०२१ च्या 'मिडनाइट मास' या भयमालिकेपासून करा. सातच भाग आहेत आणि प्रत्येकाला बायबलमधलं नाव आहे, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. दिवसाला एकच भाग पाहा, मग बायबलमधलं त्या नावाचं पुस्तक उघडून थोडं वाचा. विलापगीत तर एका बैठकीत होतं, पाचच अध्याय आहेत.

यातला धर्मगुरू रक्त पिणाऱ्या प्राण्याला देवदूत समजतो. त्याला लगेच वेड्यात काढू नका. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत समोर येतो तेव्हा मेंढपाळ प्रचंड घाबरतात, म्हणून तो आधी 'भिऊ नका' म्हणतो. मग भीती हीच पवित्रतेची खूण मानायची का? इथे जरा रेंगाळा. मला स्वतःला त्या प्राण्यापेक्षा जास्त धास्ती वाटली ती वचनं तोंडपाठ असूनही हवा तोच अर्थ काढणाऱ्या माणसांची. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असं योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. तो अध्याय याच सुमारास वाचा.

क्रूस दाखवला की भूत पळालं, एवढ्यावरच चालणाऱ्या मालिका सध्या राहू द्या.

आणि श्रद्धाळू असाल, एखादा प्रसंग खुपला, तर खुशाल बंद करा. कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या प्रसंगानंतर मीही दोन दिवस थांबलो होतो.