गव्हर्नर जनरलला मराठीत 'महाराज्यपाल' म्हणावं का?

प्रश्न असा होता की न्यूझीलंड, जमैका, तुवालू अशा बेटांवरच्या देशांबद्दल मराठीत लिहायचं तर गव्हर्नर जनरल या पदाला काय म्हणायचं, महाराज्यपाल, राजप्रतिनिधी का व्हाइसरॉय, आणि त्यांना 'नामधारी प्रमुख' म्हणणं बरोबर आहे का.

माझं मत आधी सांगतो. गव्हर्नर जनरल हेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे तिथल्या राजाचे प्रतिनिधी' असा खुलासा जोडा, आणि महाराज्यपाल हा शब्द कृपा करून वापरू नका. नामधारीबद्दल खाली येतोच, तिथे जरा जास्त बोलायचंय.

महाराज्यपाल हा शब्द घडणीने चुकीचा नाहीये, हिंदीत तो चांगला चालतो सुद्धा. पदाच्या नावातला जनरल हा सैन्यातला जनरल नव्हे, ते मागून लागलेलं विशेषण आहे, 'सगळ्यांवरचा, सर्वसाधारण' अशा अर्थाचं, आणि आपण त्याचा 'महा' करतोच की, पोलीस महासंचालक, महालेखापाल, महाधिवक्ता. मग अडचण कुठे आहे, तर ती 'राज्यपाल'मध्ये आहे. आपल्याकडे राज्यपाल म्हटलं की दोन गोष्टी आपोआप डोक्यात येतात, एक म्हणजे राज्य नावाचा देशाचा एक भाग, आणि दुसरी म्हणजे दिल्लीने पाठवलेला माणूस. न्यूझीलंडमध्ये राज्यंच नाहीत. जमैकात पॅरिश म्हणजे जिल्ह्यासारखे भाग आहेत, राज्यं नाहीत, आणि तुवालू तर नऊ छोट्या बेटांचा देश. तिथे 'महाराज्यपाल' म्हटलं की वाचक विचारणार, मग साधे राज्यपाल कुठे आहेत? ऑस्ट्रेलियात राज्यं आहेत आणि त्यांना गव्हर्नरही आहेत, पण ते गव्हर्नर जनरलच्या हाताखालचे नाहीत, त्यांची नेमणूक त्या त्या राज्याच्या प्रीमियरच्या, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्याच्या, सल्ल्याने थेट राजाकडून होते, म्हणजे तिथेसुद्धा 'महा'मधून जो साहेब आणि हाताखालचे असा अर्थ निघतो तो लागू पडत नाही.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'वरून पाठवलेला माणूस' हा अर्थ इथे साफ चुकतो, कारण लंडनहून कुणी कुणाला पाठवत नाही. न्यूझीलंडच्या गव्हर्नर जनरलचं नाव न्यूझीलंडचे पंतप्रधान सुचवतात आणि राजा त्यावर सही करतो. पापुआ न्यू गिनी आणि सोलोमन बेटं इथे तर संसदच मतदान घेऊन नाव ठरवते. त्यामुळे 'ब्रिटनच्या राजाचा प्रतिनिधी' असं जे सर्रास लिहिलं जातं तेही नेमकं नाही. चार्ल्स हे न्यूझीलंडचे राजे आहेत, तुवालूचे राजे आहेत, जमैकाचे राजे आहेत, प्रत्येक देशाचं राजेपद कायद्याने वेगळं, माणूस एक. ब्रिटन सोडून असे १४ देश आहेत आणि त्यातले ११ बेटांवरचे. ब्रिटन सरकारचा प्रतिनिधी तिथे वेगळाच असतो, त्याला उच्चायुक्त म्हणतात. ही फारकत १९२६ च्या इम्पीरियल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे साम्राज्यातल्या सरकारांच्या परिषदेत झाली, गव्हर्नर जनरल हा ब्रिटिश सरकारचा एजंट नाही, तो फक्त राजाचा प्रतिनिधी, असं तिथे ठरलं.

आपला गोंधळ होणं मात्र साहजिक आहे, कारण शाळेपासून आपल्या कानावर हा शब्द हेस्टिंग्ज, वेलस्ली, डलहौसी यांच्याबरोबर पडलेला असतो. वसईचा तह झाला तेव्हा वेलस्ली गव्हर्नर जनरल, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा डलहौसी, १८५४ मध्ये नागपूर गेलं तेव्हाही डलहौसीच. हाती फौज, खजिना, तहावर सही करायचा अधिकार, सगळं एका माणसाकडे. आणि आज वेलिंग्टनमध्ये त्याच नावाच्या पदावर सिंडी किरो बसतात, ज्या पंतप्रधानांच्या शब्दाबाहेर जाऊन एक साधी नेमणूकही करत नाहीत. नाव तेच, पद जवळजवळ उलट. म्हणून काहींना वाटतं की हा शब्दच टाकून द्यावा, पण मला वाटतं की इतिहासातला शब्द आणि आजचा शब्द एकच आहे हे वाचकाला कळलं पाहिजे, कारण ते पद त्याच रस्त्याने बदलत बदलत इथवर आलंय.

तो बदल आपल्याच देशात घडलाय, आपण विसरतो एवढंच. माउंटबॅटन १४ ऑगस्ट १९४७ पर्यंत व्हाइसरॉय होते आणि १५ ऑगस्टपासून नुसते गव्हर्नर जनरल, आणि त्यांच्यानंतर जून १९४८ ते २६ जानेवारी १९५० राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. ऑगस्ट १९४७ पासूनच्या या जवळजवळ अडीच वर्षांत भारताचे राजे कायद्याने सहावे जॉर्जच होते, पण राजाजी लंडनचं ऐकत नव्हते, नेहरूंच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत होते. आज जमैकात पॅट्रिक ॲलन २००९ पासून जे करतायत ते हेच काम आहे. कुणाला हे पद पटकन समजावून सांगायचं असेल तर डलहौसी नको, राजाजी सांगा.

यातून व्हाइसरॉयचाही निकाल लागतो. राणीचा जाहीरनामा १८५८ चा, आणि तिथपासून कॅनिंगला व्हाइसरॉय म्हणायला लागले, तो राजवटीचा रुबाब दाखवणारा शब्द होता, मुख्यतः संस्थानिकांशी बोलताना उपयोगी पडणारा. स्वतंत्र देशाच्या गव्हर्नर जनरलला तो लावला तर त्या देशाचं स्वातंत्र्यच पुसल्यासारखं होतं.

राजप्रतिनिधी हा शब्द मला आवडतो, आणि त्याला आपल्याकडे खोल मूळ आहे. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' केलं, अष्टप्रधानांच्याही वरचं पद, आणि पुढे औंधच्या घराण्याचं नावच पंतप्रतिनिधी पडलं. म्हणजे राजाच्या वतीने बोलणारा माणूस ही कल्पना मराठीला अजिबात परकी नाही. पण हे पंतप्रतिनिधी स्वतः कारभार करणारे, फौज बाळगणारे, वतन चालवणारे होते आणि पद घराण्यात राहिलं, गव्हर्नर जनरल येतात आणि जातात, न्यूझीलंडमध्ये साधारण पाच वर्षांनी. म्हणून खुलासा करायला हा शब्द उत्तम, पदाचं नाव म्हणून नको, नाहीतर बातमीत 'जमैकाचे राजप्रतिनिधी' वाचून लोकांना वाटेल की एखादा राजदूत आहे. परका शब्द जसाच्या तसा घेण्यात कमीपणा मानायचं कारण नाही. न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांनी गव्हर्नरचं 'कावाना' केलं, त्यांच्या आणि ब्रिटिशांच्या १८४० च्या वायटांगी तहात तो शब्द आहे, आणि आज त्यांच्या भाषेत या पदाचं अधिकृत नाव 'ते कावाना तियानारा' आहे. आपण तरी गव्हर्नर दोन-अडीचशे वर्षं बोलतोय, लॉर्डचा लाट करून 'मोठा लाटसाहेब आलाय' म्हणतोय, तो शब्द आता आपलाच झाला.

आता ज्या शब्दाकडे कुणी बघतच नाही पण ज्याने सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो शब्द, 'सल्ला'. बातमी असते, 'पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून गव्हर्नर जनरलांनी संसद विसर्जित केली'. मराठीत सल्ला म्हणजे ऐकलं तर ऐका नाहीतर सोडून द्या, वकील सल्ला देतो, डॉक्टर देतो, शेजारचे काका न मागता देतात. या व्यवस्थेत सल्ला म्हणजे पाळायचाच निर्णय. आपल्या घटनेच्या ७४ व्या कलमातही हाच शब्द आहे, आणि राष्ट्रपतींनी त्या सल्ल्यानुसारच वागायचं हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शब्दांत घातलं, म्हणजे बघा, आपल्यालाही तो शब्द पुरेसा स्पष्ट वाटला नव्हता. म्हणून माझी सूचना आहे की अशा वाक्यात 'पंतप्रधानांच्या निर्णयानुसार' लिहावं, किंवा सल्ला ठेवायचा तर 'बंधनकारक' हा शब्द पुढे लावावा.

मग नामधारी? रोजच्या कामापुरतं बरोबर आहे. विधेयकावर सही, मंत्र्यांना शपथ, संसदेचं उद्घाटन, परदेशी राजदूतांचं स्वागत, यात स्वतःचं मत चालवायला जागा नसते. निवडणुकीनंतर कुणालाच बहुमत नसेल तरी गव्हर्नर जनरल स्वतः उमेदवार शोधत फिरत नाहीत. न्यूझीलंडमध्ये २०१७ मध्ये नॅशनल पक्षाच्या जागा सगळ्यात जास्त होत्या, तरी तेव्हाच्या गव्हर्नर जनरल पॅट्सी रेड्डी यांनी पक्षांच्या वाटाघाटी संपून कुणाकडे बहुमत आहे हे उघड जाहीर होईपर्यंत वाट पाहिली आणि मग लेबर पक्षाच्या जसिंडा आर्डर्न यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली. 'सगळ्यात मोठ्या पक्षाला आधी बोलवा' हा आपल्याकडचा वाद तिथे झालाच नाही.

पण नामधारी म्हटलं की 'काहीच करू शकत नाही' असं ऐकू येतं आणि तिथे मला थांबावंसं वाटतं. तुवालूचं उदाहरण घ्या, अकरा हजारांच्या आसपास वस्तीचा देश, तेव्हा संसदेत १५ खासदार. २०१३ मध्ये एका पोटनिवडणुकीनंतर विरोधकांकडे बहुमत आलं, पण पंतप्रधान विली तेलावी संसदेत अविश्वासाचं मतदान होऊच देत नव्हते, आणि वर त्यांनी गव्हर्नर जनरल इयाकोबा इटालेली यांनाच काढून टाकावं अशी राणीकडे मागणी केली. इटालेलींनी १ ऑगस्टला पंतप्रधानांनाच पदावरून काढलं, दुसऱ्या दिवशी संसदेत मतदान झालं आणि सरकार पडलं, मग एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले. म्हणजे त्यांनी सत्ता स्वतःकडे घेतली नाही, संसदेला तिचं काम करू दिलं.

ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर तर त्याहून विलक्षण प्रकार. १९७९ मध्ये मॉरिस बिशप यांनी उठाव करून घटना स्थगित केली पण राणी आणि गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांना ठेवलं. ऑक्टोबर १९८३ मध्ये बिशप यांची हत्या झाली, अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं, आणि त्या कोसळलेल्या देशात कायदेशीर म्हणावं असं एकच पद शिल्लक होतं, स्कून यांचं. त्यांनी सल्लागार मंडळ नेमून डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीपर्यंत देश चालवला. सैन्य यायला त्यांची विनंती कितपत खरी कारणीभूत होती यावर वाद आहेत आणि ते असायला हवेत, पण त्यांना नामधारी म्हणता येत नाही. आणि ११ नोव्हेंबर १९७५ ला ऑस्ट्रेलियात गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी सिनेटने पैशाचं विधेयक अडवलं म्हणून निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना काढलं, तो तर आजही तिथे जखमेसारखा विषय आहे. माझ्या मते इटालेलींचं पाऊल संसदेच्या बाजूचं होतं आणि कर यांचं नव्हतं, कारण व्हिटलम यांच्याकडे कनिष्ठ सभागृहाचं बहुमत होतं. अधिकार मात्र एकाच जातीचा, पंतप्रधानांच्या सल्ल्याशिवाय वापरता येणारा, मराठीत त्याला 'राखीव अधिकार' म्हणता येईल. म्हणून 'नामधारी' ऐवजी 'घटनात्मक प्रमुख' लिहा, आपण राष्ट्रपतींना तेच म्हणतो.

आणि राष्ट्रपतींशी ही तुलना मी ओढूनताणून करत नाहीये. सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, १९७२ ला प्रजासत्ताक आलं तेव्हा शेवटचे गव्हर्नर जनरल विल्यम गोपल्लवा हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. माल्टात १९७४ ला अँथनी मामो, त्रिनिदादमध्ये १९७६ ला एलिस क्लार्क, बार्बाडोसमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ ला सँड्रा मेसन, सगळीकडे तीच गोष्ट. मॉरिशसमध्येही, जिथे कोकणातून गेलेल्यांचे वंशज आजही मराठी जपून आहेत, १२ मार्च १९९२ ला वीरासामी रिंगाडू गव्हर्नर जनरलचे राष्ट्राध्यक्ष झाले. मॉरिशसच्या जुन्या काळाबद्दल लिहिताना रिंगाडूंना १९९२ च्या आधी 'महाराज्यपाल' आणि नंतर 'राष्ट्राध्यक्ष' म्हटलं तर वाचकाला वाटेल माणसाला केवढी बढती मिळाली, आणि काम तर जवळपास तेच राहिलं होतं.

व्याकरणाचंही विचारलं होतं म्हणून थोडक्यात. प्रत्यय शेवटच्या शब्दाला लावा, गव्हर्नर जनरलांनी, गव्हर्नर जनरलच्या. अनेकवचन करायची गरज नाही, 'दोन गव्हर्नर जनरल' पुरे. स्त्री असेल तर 'गव्हर्नर जनरल सिंडी किरो म्हणाल्या', वेगळं स्त्रीलिंगी रूप बनवू नका. आणि 'डेम सिंडी किरो' मधलं डेम हे नाव नाही, पुरुषांच्या 'सर'सारखा तो किताब आहे, त्यामुळे 'श्रीमती डेम' असं लिहू नये, आणि आडनाव गाळून लिहायचं तर 'डेम सिंडी' लिहायचं, 'डेम किरो' नाही.