वाचकांचे प्रश्न : जेरेमी ब्रेट यांचा होम्स

प्रश्न : ग्रॅनाडा टेलिव्हिजनची शेरलॉक होम्सची मालिका आम्ही सगळे घरी पुन्हा बघतो आहोत. सुरुवातीचा जेरेमी ब्रेट कसा शिडशिडीत, पात्यासारखा! शेवटच्या भागांत मात्र चेहरा सुजलेला, चालताना धाप लागलेली. माझे काका म्हणतात, नाव झाले आणि माणूस बेफिकीर झाला, दारूने फुगला. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या काकांना हे उत्तर जरूर वाचून दाखवा.

तुमचे पत्र आल्यावर मी १९८४ चा 'द नेव्हल ट्रीटी' आणि १९९४ चा 'द कार्डबोर्ड बॉक्स' असे दोन भाग पाठोपाठ लावून पाहिले. फरक डोळ्यांत पाणी आणणारा आहे. पण तो बेफिकिरीचा नाही, आजाराचा आहे. ब्रेट यांना लहानपणी संधिवाताचा ताप आला होता आणि त्याने हृदय मोठे झाले ते कायमचेच. पुढे मनाचा आजार बळावला. कधी उत्साहाचे उधाण, तर कधी पार तळ गाठणारे नैराश्य. १९८५ च्या जुलैत त्यांची दुसरी पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली. ती अमेरिकेतली टीव्ही निर्माती होती आणि ब्रिटिश मालिका तिकडच्या प्रेक्षकांपर्यंत नेण्याचेच तिचे काम होते. ती गेली तरी ब्रेट होम्स साकारायला परत उभे राहिले, आणि १९८६ मध्ये कोसळले. रुग्णालयात राहावे लागले. त्यानंतर लिथियम हे मनाच्या आजारावरचे औषध सुरू झाले. ते औषध आणि थकलेले हृदय, दोन्ही मिळून अंगात पाणी साठू लागले, वजन वाढले. सिगारेटी ते भरमसाठ ओढत, हे मी लपवणार नाही, त्याचीही किंमत त्यांनी मोजलीच. पण 'नाव झाले आणि बेफिकीर झाला' हे वाक्य त्यांच्या बाबतीत मला ऐकवत नाही.

या माणसाची मेहनत बघा. १९३३ साली वॉरिकशरमधल्या बर्क्सवेल गावी जन्म, वडील सैन्यात कर्नल, शिक्षण ईटनला. मूळ आडनाव हगिन्स. मुलाने नट होणे वडिलांना पटले नाही, घराण्याचे नाव रंगमंचावर नको म्हणाले, तेव्हा आपल्या पहिल्या सुटावरच्या शिंप्याच्या लेबलावरून त्यांनी 'ब्रेट' घेतले. त्यातून लहानपणी 'र' नीट उच्चारता येत नसे! किशोरवयात शस्त्रक्रिया करून दोष काढला, तरी पुढे आयुष्यभर रोज उच्चारांचा सराव चालू ठेवला, हाती काम असो वा नसो. होम्सच्या तोंडचे 'र' आता लक्ष देऊन ऐका. गळ्यातून नाही, जिभेच्या टोकावरून, टणत्कार केल्यासारखे येतात. इंग्रजी न कळणाऱ्यालाही त्या आवाजातली धार कळते.

ग्रॅनाडाच्या मंडळींनी कथांमधून होम्स आणि त्याचा सोबती वॉटसन यांच्या सवयी वेचून ७७ पानांची एक फाइल केली होती. कोण काय खातो, कुठे बसतो, पाइप कोणता, सगळे त्यात होते. ब्रेट ती जवळ बाळगत आणि पटकथा मूळ कथेपासून सरकली की भांडत. 'द सेकंड स्टेन'मध्ये गालिचा बाजूला सारून होम्स गुडघ्यांवर बसतो आणि फरशीचा एकेक चौकोन नखांनी चाचपत जातो, तो क्षण थांबवून बघा. त्या बोटांत घाई आहे, पण गोंधळ नाही. होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांच्या मूळ कथेत हे जेमतेम वाक्यभर आहे, ब्रेट यांनी त्याचा अख्खा प्रसंग केला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मालिका मुलेही बघतात हे कळल्यावर होम्सच्या कोकेनची त्यांना काळजी वाटू लागली. डॉइल यांच्या कन्या जीन यांची परवानगी घेऊन १९८८ च्या 'द डेव्हिल्स फूट'मध्ये त्यांनी होम्सला सिरिंज वाळूत पुरायला लावली. कॉर्नवॉलचा किनारा, वारा, आणि तो एकटा वाकून खड्डा करतो आहे. मूळ कथेत हे नाही. शब्दाशब्दासाठी भांडणाऱ्या माणसाने एवढी एक सूट घेतली, ती मुलांसाठी.

प्रश्न : वॉटसन मध्येच का बदलला?

उत्तर : आधीचे वॉटसन डेव्हिड बर्क पहिल्या १३ भागांनंतर रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेत गेले, मुलगा लहान होता आणि घरच्यांसोबत राहायचे होते. एडवर्ड हार्डविक यांचे नाव त्यांनीच सुचवले. मला हार्डविक जास्त आवडतात. मित्राकडे काळजीने बघणे त्यांना न बोलता जमते, आणि पुढे पुढे ती काळजी नुसता अभिनय राहिली नसावी, असे मला वाटते.

प्रश्न : 'माय फेअर लेडी' चित्रपटात गाणारा फ्रेडी म्हणजे हेच का? होम्स पहिल्यांदा बघणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

उत्तर : हो, १९६४ चा फ्रेडी हेच. पडद्यावर गाण्याचा आवाज मात्र बिल शर्ली यांचा. ब्रेट स्वतः उत्तम गात, १९६८ मध्ये बीबीसीसाठी 'द मेरी विडो' या संगीतिकेत गायले आहेत. आणि हेही सांगून ठेवतो, लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर त्यांनी चार्लटन हेस्टन यांच्या होम्ससमोर वॉटसनही केला होता!

सुरुवात 'द नेव्हल ट्रीटी'पासून करा. तपासाच्या ऐन मध्यावर होम्स खिडकीतला गुलाब हातात घेतो आणि फुलाबद्दल बोलू लागतो, तिथे खोलीतल्या सगळ्यांसारखे आपणही गप्प होतो. नंतर 'द ब्लू कार्बंकल' बघा, मग क्रमाने चला. एकूण ४१ भाग आहेत, सगळ्या ६० कथा करायची ब्रेट यांची इच्छा होती. १९९४ च्या 'द मॅझरिन स्टोन'मध्ये होम्स जवळजवळ दिसतच नाही, कारण ब्रेट आजारी होते आणि काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्यावर, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या चार्ल्स ग्रे यांच्यावर आले. तिथे कंटाळून बंद करू नका. त्याच वर्षीचा 'द कार्डबोर्ड बॉक्स' हा शेवटचा. त्यात चेहरा जड आहे, आवाज खाली आला आहे, आणि होम्स वॉटसनला विचारतो की दुःख, हिंसा आणि भीतीच्या या फेऱ्याचा अर्थ तरी काय. पुढच्याच वर्षी, १२ सप्टेंबर १९९५ ला, लंडनमध्ये झोपेतच ब्रेट यांचे हृदय थांबले. वय ६१. तो भाग काकांना शेजारी बसवून बघा.